ब्रिंडिसी ते वर्धा

६ डिसेंबर १९३१. जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडमध्ये, व्हिल्नव्ह नावाचं एक लहानसं गाव आहे. त्या संध्याकाळी तिथं पाऊस पडत होता. पॅरिसहून आलेल्या गाडीतून एक विचित्र वाटावा असा जथा उतरला: पांढऱ्या घोंगड्यात गुंडाळलेले, उघड्या पायांचे गांधीजी, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि प्यारेलाल, मुलगा देवदास, ब्रिटिश आरमारातल्या एका बड्या अधिकाऱ्याची खादी नेसलेली मुलगी मीराबेन, आणि सोबत स्कॉटलंड यार्डचे दोन पोलीस, इव्हान्स आणि रॉजर्स. लंडनची गोलमेज परिषद पाच दिवसांपूर्वी संपली होती आणि हाती काहीच लागलं नव्हतं. पुढचे आठ दिवस ही मंडळी रेल्वेने युरोप उतरत गेली. व्हिल्नव्ह, लोझान, जिनिव्हा, मिलान, रोम आणि शेवटी इटलीच्या बुटाच्या टाचेवरचं ब्रिंडिसी बंदर. १४ तारखेला तिथून ‘पिल्स्ना’ जहाज, आणि २८ डिसेंबरला मुंबई.

या प्रवासाचा वर्ध्याशी काय संबंध? १९३१ साली फारसा नाही. पण पुढच्या पाचेक वर्षांत त्या जथ्यातली चार माणसं वर्ध्यात आणि वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आली. आम्ही वर्धेकर लहानपणी ज्या झोपड्यांच्या सहलींना कंटाळायचो (शाळेची सहल म्हणजे सेवाग्राम, पाहुणे आले की सेवाग्राम, रविवारी काही सुचलं नाही की सेवाग्राम), त्या झोपड्यांत राहिलेली ही माणसं युरोपची रेल्वे फिरून आलेली होती, हे मला नोकरीला लागल्यावर समजलं. महादेवभाईंनी ‘यंग इंडिया’त या प्रवासाची वार्तापत्रं लिहिली होती. ती वाचता वाचता मी नकाशा उघडला, आणि गेल्या वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांची रजा काढून त्याच मार्गाने गेलो. रेल्वेचा पास घेतला, एका मित्राला सोबत घेतलं, आणि शहरांमध्ये शक्य तितकं पायी चाललो.

घरी हे पटलं नव्हतं. आमच्या नात्यात दोघांनी ‘अकरा दिवसांत सात देश’ हे पॅकेज केलेलं आहे. बसमधून उतरायचं, मनोऱ्यासमोर फोटो काढायचा, पुन्हा बसमध्ये. माझा बेत ऐकून बाबा म्हणाले, “पायीच फिराचं होतं तं युरोपले काहाले जातं? पवनारले जा. धाम नदी हाये, देऊळ हाये, दहा रुपयांत चहाबी भेटते.” यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. पवनारचा मुद्दा पुढे येणारच आहे.

आधी वर्ध्याबद्दल थोडं. हे गाव रेल्वेचंच अपत्य आहे. नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला १८६२ साली; आजचं शहर पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी १८६६ मध्ये आखलं गेलं; आणि मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचली. ही घाई माणसांसाठी नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असं चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि इंग्रजांचं लक्ष वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाकडे वळलं. आमच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या कितीतरी आधी आमच्या जिल्ह्यातल्या गाठी युरोप पाहून आल्या. उलट दिशेने टपाल यायचं: १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनची हिंदुस्थानी डाक रेल्वेने युरोप ओलांडून ब्रिंडिसीला यायची आणि तिथून जहाजाने मुंबईला. म्हणजे वर्ध्याच्या सिव्हिल लाइन्समधल्या साहेबाला त्याच्या आईचं पत्र आलं, तर ते बहुधा ब्रिंडिसीच्या धक्क्यावरून आलेलं असे.

हौसेखातर रेल्वेने फिरणं हीसुद्धा त्याच काळाची गोष्ट. त्याआधी युरोप ‘बघायला’ निघत ते इंग्रज सरदारांची मुलं, सोबत शिक्षक आणि नोकर घेऊन, वर्ष-दोन वर्षांसाठी. ५ जुलै १८४१ ला टॉमस कुक नावाच्या माणसाने लेस्टरहून लफबरोपर्यंत, शिलिंगभर पैशात, पाचेकशे माणसं रेल्वेने नेली. ती दारूबंदीवाल्यांची सभा होती, हे मला नेहमी मजेशीर वाटतं: जगातल्या पॅकेज टूरचा उगम दारूबंदीच्या सभेत, आणि आमचा जिल्हा अजूनही दारूबंदीचा! १८६३ मध्ये कुकने माणसं स्वित्झर्लंडला नेली, १८७२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला. मराठीत मात्र प्रवासाचं जे पहिलं मोठं पुस्तक आपण मानतो, ते गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’, त्यातला प्रवास बहुतांशी पायी झालेला, १८५७ च्या धुमश्चक्रीतून, आणि तोही हौसेचा नव्हे तर दक्षिणेच्या आशेने. युरोप हसतखेळत बघणं मराठी घराघरांत पोहोचायला १९६० मधलं पुलंचं ‘अपूर्वाई’ यावं लागलं.

आता व्हिल्नव्ह. तिथे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ राहत होते. त्यांनी १९२४ मध्ये गांधींवर पुस्तक लिहिलं होतं, गांधींना न भेटता. मॅडलिन स्लेड नावाची तरुणी बीथोव्हेनच्या वेडापायी रोलाँकडे आली होती, कारण रोलाँ बीथोव्हेनचे मोठे अभ्यासक. त्यांनी तिला गांधींचं नाव सांगितलं. ती १९२५ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरली आणि साबरमतीत मीराबेन झाली. सहा वर्षांनी ती त्या माणसाला घेऊन व्हिल्नव्हला परत आली होती.

७ डिसेंबर हा सोमवार होता, म्हणजे गांधींचा मौनाचा दिवस. रोलाँ आजारी होते, तरी त्या दिवशी दीड तास तेच बोलले, युरोपाची अवस्था समजावून सांगितली, आणि गांधी ऐकत राहिले. रोलाँची बहीण दुभाषी होती. पुढचे दिवस हे घर म्हणजे जत्रा झाली. रोलाँनी हे सगळं एका अमेरिकन मित्राला पत्रात कळवलं आहे. स्थानिक दूधवाल्यांच्या संघाने ‘हिंदुस्थानच्या राजा’ला दूध पुरवण्याचा मान आम्हाला द्या म्हणून फोन केला. इटलीतून पत्रं आली: पुढच्या सोडतीत लॉटरीचे कोणते आकडे लागतील ते महात्म्याने सांगावं. हे वाचून मला वाटलं, पाश्चात्त्य आणि पौर्वात्य भक्त यांच्यात आपण उगाच फरक करतो.

८ तारखेला लोझानच्या सभेत गांधींनी एक वाक्य उलटवलं. आधी ते ‘ईश्वर सत्य आहे’ म्हणत. आता ‘सत्य हाच ईश्वर’ का म्हणू लागलो, ते त्यांनी तिथे समजावलं. १० तारखेला जिनिव्हात व्हिक्टोरिया हॉलमध्ये सभा झाली. तिथे लष्कर आणि भांडवल यांबद्दल ते इतकं स्पष्ट बोलले की स्विस वर्तमानपत्रं चिडली. आणि त्याच रात्री, निरोपाआधी, त्यांनी रोलाँना बीथोव्हेन वाजवून दाखवायला सांगितलं. गांधींना पाश्चात्त्य संगीताची आवड होती असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या संगीताने मीराबेन आपल्यापर्यंत आली, ते काय आहे, हे त्यांना ऐकायचं असावं. आजारी रोलाँ पियानोपाशी बसले आणि त्यांनी पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवला.

व्हिल्नव्हच्या स्टेशनवर उतरून सरोवराच्या काठाकाठाने शियों किल्ल्याकडे पायवाट जाते. अर्ध्या तासाची चाल. एका बाजूला पाणी, पलीकडे डोंगरांवर मे महिन्यातही बर्फ. किल्ल्यापाशी आमच्यासारखेच तीसेक भारतीय बसमधून उतरले. त्यांच्या मार्गदर्शकाने चाळीस मिनिटं दिली होती. मी हसलो नाही. माझ्या काकांनी आयुष्यभर आर्वीच्या बाजारात दुकान चालवून ती चाळीस मिनिटं कमावली होती, हे मला ठाऊक आहे. वेळ हासुद्धा पैसाच असतो, आणि सावकाश फिरणं ही बहुतेकांना न परवडणारी चैन आहे. रोलाँ राहायचे तो परिसर आम्ही पाहिला, सरोवराकाठी बसून पोळीचा रोल खाल्ला (पोळ्या मित्राच्या आईच्या, तिसऱ्या दिवशीच्या), आणि संध्याकाळची गाडी पकडली. ही गाडी ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून वर चढते आणि सिंप्लॉनच्या बोगद्यात शिरते. १९०६ मध्ये सुरू झालेला, जवळजवळ वीस किलोमीटरचा बोगदा. मोबाइलची रेंज जाते, काचेत फक्त आपलाच चेहरा दिसतो, आणि बाहेर येता तेव्हा इटली असते.

गांधींनी इटलीला जाऊ नये असं रोलाँना वाटत होतं. त्याला कारण होतं. १९२६ मध्ये रवींद्रनाथ टागोर मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत गेले होते, त्यांनी चार बरे शब्द काढले आणि फॅसिस्ट वर्तमानपत्रांनी त्यांचा झेंडा केला. टागोर तिथून व्हिल्नव्हलाच आले होते. इटलीत पडद्यामागे काय चाललं आहे ते रोलाँनी त्यांना सांगितलं आणि मग टागोरांना जाहीर खुलासा करावा लागला. त्यामुळे या खेपेला रोलाँचा सल्ला असा: जायचंच असेल तर सरकारी पाहुणचार नको, विश्वासातली माणसं सोबत ठेवा. गांधी रोममध्ये मॉरिस नावाच्या निवृत्त जनरलच्या घरी उतरले, आणि सोबत जिनिव्हाचे एदमों प्रिव्हा आणि त्यांची पत्नी होती.

१२ डिसेंबरला, शनिवारी, ते रोममध्ये पोहोचले आणि रविवारी रात्री निघाले. दोन दिवस. आजच्या कुठल्याही पॅकेजमध्ये रोमला एवढाच वेळ मिळतो. या दोन दिवसांत त्यांनी काय पाहिलं?

व्हॅटिकन पाहिलं. पोप अकरावे पायस यांनी भेट नाकारली, पण सिस्टीन चॅपल पाहायला मिळालं. तिथे मायकेलअँजेलोचं छत आहे, ज्याच्यासाठी आज लोक दीड-दोन तास रांगेत उभे राहतात आणि मान दुखेपर्यंत वर बघतात. गांधी थांबले ते वेदीपाशी असलेल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हे पुढे स्वतः सांगितलं आहे. हा माणूस सबंध रोममधून एक मूर्ती घेऊन आला. टॉलस्टॉयची मुलगी तात्याना तेव्हा रोममध्ये राहायची; तिचीही भेट झाली. ज्या म्हाताऱ्याशी त्यांचा १९०९-१० मध्ये पत्रव्यवहार झाला होता, त्याच्या मुलीची.

आणि संध्याकाळी सहा वाजता मुसोलिनी. पालात्झो व्हेनेत्झियामधल्या त्याच्या दालनाची रचनाच अशी होती की दारातून आलेल्या माणसाला पार टोकाच्या टेबलापर्यंत एकट्याने चालत जावं लागे, आणि तोवर तो बारीक होत जाई. गांधींसाठी मात्र मुसोलिनी उठून पुढे आला. मीराबेन आणि महादेवभाई सोबत होते. भेट थोडक्यात आटोपली. शिवाय फॅसिस्ट तरुणांच्या संस्था आणि कवायती दाखवण्यात आल्या.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, आणि आमच्याकडे याला ‘डेमो’ म्हणतात. डेमोच्या दिवशी सगळी बटणं चालतात. जिथे क्लिक केलं तर पान कोसळेल, तिथे क्लायंटचा हात जाणार नाही याची काळजी आम्ही आदल्या रात्रीच घेतलेली असते. यात खोटं असं काही नसतं; दाखवलेलं प्रत्येक पान खरंच असतं. ‘पिल्स्ना’ जहाजावरून २० डिसेंबरला गांधींनी रोलाँना जे पत्र लिहिलं ते मी वाचलं तेव्हा मला आमच्या डेमोनंतर क्लायंट पाठवतात ते मेल आठवले. मुसोलिनी हे आपल्याला एक कोडं वाटलं, असं ते लिहितात. त्याच्या अनेक सुधारणा आपल्याला आवडल्या: गरिबांसाठी केलेली कामं, शहरं फुगू नयेत म्हणून चाललेले प्रयत्न, भांडवल आणि श्रम यांचा मेळ. या सगळ्यामागची सक्ती खुपते, पण पाश्चात्त्य समाजाचा पायाच हिंसेवर आहे, असंही ते म्हणतात. रोलाँना हे पत्र आवडणं शक्य नव्हतं. ते ज्या इटलीबद्दल बोलत होते, त्या इटलीत विरोधक तुरुंगात होते. कम्युनिस्ट नेते अंतोनियो ग्राम्शी त्या क्षणीही दक्षिण इटलीत बारीजवळच्या तुरी गावाच्या तुरुंगात होते. रोमहून ब्रिंडिसीला जाणारी रेल्वे बारीवरूनच जाते. खिडकीतून तुरुंग दिसत नाही, ऑलिव्हची झाडं दिसतात. खूप सुंदर दिसतात.

ज्या माणसाने चंपारणात गावोगाव हिंडून हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, भारतात आल्यावर थर्ड क्लासच्या डब्यांतून देश पालथा घातला आणि त्या डब्यांच्या हालांवर १९१७ मध्ये लेख लिहिला, त्याला इटली कळली नाही. मला हे गांधींचं अपयश म्हणून मोजावंसं वाटत नाही. दोन दिवसांत, यजमानाच्या मोटारीतून, कुणालाच कळली नसती. पण म्हणून ते पत्र झाकून ठेवावं असंही वाटत नाही. आमच्या जिल्ह्यात गांधींबद्दल दोनच प्रकारे बोलतात: एक तर हार घालून, नाहीतर व्हॉट्सॲपवर. या पत्राची जागा दोन्हीकडे नाही.

रोमच्या मुक्कामाची किंमत लगेच वसूल झाली. ‘जोर्नाले द’इतालिया’ या फॅसिस्ट वर्तमानपत्रात व्हर्जिनिओ गायदा या पत्रकाराने गांधींची म्हणून एक मुलाखत छापली: आपण लढा पुन्हा सुरू करायला भारतात परतत आहोत, असं त्यांनी सांगितल्याचं त्यात होतं. लंडनमध्ये खळबळ उडाली. गांधींनी जहाजावरून तार करून इन्कार केला, अशी मुलाखत दिलीच नाही म्हणाले. तोवर बातमी पसरली होती. २८ डिसेंबरला ते मुंबईत उतरले, ४ जानेवारी १९३२ ला त्यांना अटक झाली आणि येरवड्याला नेलं गेलं. अटकेची कारणं इथल्या राजकारणात होती, त्या मुलाखतीने अटक झाली असं म्हणता येणार नाही. मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो तिची बस रोज येरवड्यावरून जाते. तुरुंगाची भिंत येते तेव्हा बसमधले बहुतेक जण डुलक्या घेत असतात.

ब्रिंडिसीच्या धक्क्यावरची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. एदमों आणि इव्हॉन प्रिव्हा हे नवरा-बायको निरोप द्यायला तिथपर्यंत आले होते. आता इथवर आलाच आहात तर पुढेही चला, असं ठरलं, आणि कसलीही तयारी नसताना ते दोघं जहाजावर चढून भारतात आले. नंतर त्यांनी या प्रवासावर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. इव्हान्स आणि रॉजर्स हे दोघे पोलीस लंडनला परतले. गांधींनीच विनंती करून त्यांना ब्रिंडिसीपर्यंत सोबत आणलं होतं. पुढे त्यांना इंग्लिश बनावटीची घड्याळं पाठवली, त्यावर ‘प्रेमपूर्वक’ असं कोरून. आपल्यावर पाळत ठेवणाऱ्याला सहलीला नेणारा प्रवासी दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

ब्रिंडिसी आज निवांत बंदर आहे. रोमहून निघालेला प्राचीन आप्पियन मार्ग इथे समुद्राला टेकतो. पायऱ्यांच्या वर एक उंच रोमन खांब उभा आहे, त्याचा जोडीदार शेजारच्या लेच्चे शहरात गेला. आम्ही त्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा मी मित्राला सांगितलं, की इथून वीसेक किलोमीटरवर सान व्हितो देई नोर्मानी नावाचं गाव आहे, आणि तिथला एक माणूस वर्ध्याला आला होता. त्याचा विश्वास बसला नाही.

लांझा देल व्हास्तो. १९०१ चा जन्म, उमराव घराणं, पिसा विद्यापीठात तत्त्वज्ञान. मुसोलिनीने इथिओपिया गिळल्यावर युरोपात पुढे काय होणार हे त्याला दिसू लागलं, आणि १९३६ च्या अखेरीस तो भारताकडे निघाला. सिलोन, मदुराई असं करत १९३७ मध्ये वर्ध्याला पोहोचला, गांधींपाशी काही महिने राहिला, सूत कातायला शिकला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं शांतिदास. मग हा उमराव पायी हिमालयात गंगा-यमुनेच्या उगमाकडे गेला. त्याचं प्रवासाचं पुस्तक १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालं आणि प्रचंड खपलं. १९४८ मध्ये त्याने फ्रान्समध्ये ‘आर्क’ नावाचा आश्रम काढला: स्वतःचं धान्य, स्वतःचं कापड, सामुदायिक प्रार्थना. १९५४ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि विनोबांच्या भूदान यात्रेत चालला. गांधी दोन दिवसांत ज्याचा देश पाहून निघून गेले, तो त्यांच्या गावात येऊन महिनोन्‌महिने राहिला. दोन्ही प्रवासांना टोक एकच, ब्रिंडिसी, फरक वेगाचा.

(जाता जाता, माझ्या व्यवसायबंधूंसाठी: त्याच काळात वर्ध्याला येणाऱ्यांत वॉर्सात जन्मलेला मॉरिस फ्रिडमन हा विद्युत अभियंताही होता. बंगळुरातली बड्या पगाराची नोकरी, त्यातून चरख्याच्या सुधारणा, मग औंध संस्थानातला स्वराज्याचा प्रयोग, आणि म्हातारपणी मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं इंग्रजी भाषांतर. आम्हा लोकांना करिअर बदलायचं म्हटलं की फार तर प्रॉडक्ट मॅनेजर सुचतो.)

युरोप पाहून आलेल्या चौघांचं वर्ध्यात काय झालं, ते चालण्याच्या हिशेबात सांगतो. ३० एप्रिल १९३६ ला गांधी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले ते पायी, पाचेक मैल, एप्रिलअखेरच्या वर्ध्यात. ज्यांनी आमचा एप्रिल पाहिलेला नाही त्यांना या वाक्याची किंमत कळणार नाही. मीराबेन आधीच वर्ध्याजवळच्या सिंदी गावात झाडूकाम करत राहिली होती, मग शेगावात गेली. (शेगाव नावामुळे टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं.) महादेवभाई मात्र वर्ध्यात मगनवाडीत राहत. रोज टपाल आणि कागदांचं बाड घेऊन शेगावला चालत जात आणि संध्याकाळी चालत परत येत. जाऊन-येऊन अकरा मैल. कधी निरोप आला की दिवसातून दुसऱ्यांदा. विदर्भाच्या उन्हात हे त्यांनी दीर्घकाळ केलं आणि १९३८ मध्ये रक्तदाबाने कोसळले. १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत, पन्नासाव्या वर्षी ते गेले.

मी तो रस्ता एकदा चाललो आहे, डिसेंबरात, एकाच दिशेने. येताना ऑटो केला.

युरोपातल्या शहरांत पायी फिरण्याचं जे कौतुक आपण करतो, त्यात फुटपाथ, सावली, दर दोनशे मीटरवर कॉफी आणि संध्याकाळी परतीचं तिकीट गृहीत असतं. महादेवभाईंनी दोन्ही प्रकारचं चालणं केलं: लंडनच्या ईस्ट एंडमध्ये पहाटेच्या धुक्यात गांधींसोबत, आणि मगनवाडी ते शेगाव. त्यांच्या वार्तापत्रांत पहिल्याबद्दल खूप आहे. दुसऱ्याबद्दल जवळजवळ काही नाही, कारण ते नोकरीला जाणं होतं.

आता बाबांचं पवनार. वर्ध्याहून नागपूर रस्त्याने आठेक किलोमीटर, धाम नदीकाठी. विनोबा तिथून ८ मार्च १९५१ ला हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिली जमीन दान मिळाली, आणि मग हे चालणं थांबलंच नाही. १२ सप्टेंबरला पुन्हा पवनारहून दिल्लीकडे निघाले ते परतले १९६४ च्या एप्रिलमध्ये. या मधल्या काळात, विनोबा आसामात चालत असताना, सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण त्यांच्याकडे आले. दोघांनी ठरवलं होतं की अण्वस्त्रांविरुद्ध मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असं चालत जायचं. विनोबांनी आशीर्वादासोबत एक अट घातली: जवळ पैसे ठेवायचे नाहीत.

१ जून १९६२ ला ते दिल्लीत राजघाटावरून निघाले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, मग सोव्हिएत संघ. पैसे नसल्यामुळे रोज रात्री कुणाच्या तरी घराचं दार वाजवावंच लागे, आणि दार वाजवलं की बोलावं लागे. जॉर्जियात एका चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या: एकेक चार अणुशक्तींच्या प्रमुखांना द्या, आणि सांगा की बटण दाबायचं मनात आलं तर आधी थांबून हा चहा करून घ्या. पॅरिसमध्ये निदर्शनं केली म्हणून ते तुरुंगात गेले. तोही एक मुक्काम. बर्ट्रांड रसेलना भेटले. अमेरिकेत पोहोचेपर्यंत केनेडींची हत्या झाली होती, म्हणून शेवट आर्लिंग्टनला त्यांच्या थडग्यापाशी. मला युरोपच्या त्या प्रवासाचा हेवा वाटतो आणि तो आपल्याला झेपणार नाही हेही कळतं. माझ्याकडे पास होता, तीन कार्डं होती, आणि सोळा दिवसांत मी एकाही युरोपियन माणसाच्या घरात गेलो नाही.

रेल्वेबद्दल एक शेवटची नोंद. युरोपातल्या रेल्वेंनी थर्ड क्लास १९५६ मध्ये बंद केला. आपल्याकडे तो १९७४ मध्ये गेला, म्हणजे पाटी बदलली, फळ्या त्याच राहिल्या. त्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घालण्याचं काम १९७७ नंतर रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी केलं. सेवाग्राम स्टेशनवरून पुण्याला जाताना मी ज्या बर्थवर झोपतो तो त्यांच्यामुळे मऊ आहे, आणि मला वाटतं, भारतीय रेल्वेच्या इतिहासात वेगापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

मीराबेन शेवटी युरोपात परतली. गांधींनंतर दहा-अकरा वर्षं हिमालयाच्या पायथ्याशी आश्रम, गाईगुरं असे प्रयोग करून तिने १९५९ मध्ये भारत सोडला आणि ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या जंगलातल्या खेड्यांत राहिली. ही बीथोव्हेनच्या फिरण्याची जंगलं. ज्या संगीताने तिला व्हिल्नव्हमार्गे शेगावात आणलं होतं, त्याच्याकडे ती साठी उलटल्यावर चालत परत गेली, आणि १९८२ मध्ये तिथेच वारली. आदल्या वर्षी तिला पद्मविभूषण जाहीर झालं होतं. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतींवर तिने हाताने उठवलेली झाडं आणि चरखा अजून आहेत. पावसाळ्याआधी भिंती सारवतात तेव्हा तेवढा भाग सांभाळून सारवतात.